आमची ओळख आणि मराठीचा तास



आपल्या वार्तापत्रातले 'आमचे माजी विद्यार्थी' हे सदर आपण सारेच वाचतो. या अंकासाठी संपादकांनी ते आमच्यावर सोपवले. नाव, शिक्षण, व्यवसाय आणि छंद, असा चार ओळींचा परिचय हवा होता. आम्ही तो दहा मिनिटांत लिहूनही टाकला. 'व्यवसाय : संगणक प्रोग्रामर. छंद : आकाशदर्शन, जुनी नाणी, मोडी वाचन.' कागद पाकिटात घालणार, एवढ्यात आमच्या मुलीने दप्तरातून पालक सभेची सूचना काढून हातात दिली. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय असा होता : 'पुढील सत्रापासून आठवी ते दहावीच्या वर्गांचे मराठीचे तास कमी करून ते संगणकास देण्याबाबत विचार करणे.'

दुसऱ्या दिवशी कळले की, ही सूचना मांडणाऱ्या पालकांनी दाखला म्हणून आमचेच उदाहरण दिले आहे. आपल्या शाळेचा मुलगा संगणकामुळे कुठल्या कुठे पोचला, असे ते म्हणाले म्हणे. त्यांच्या सदिच्छेबद्दल आम्ही आभारी आहोत. पण ज्याचे उदाहरण दिले, त्याची साक्षही एकदा ऐकावी, एवढीच विनंती. म्हणून चार ओळींचा परिचय बाजूला ठेवला आणि हा जरा लांबलेला परिचय लिहायला घेतला.

प्रथम घराण्याविषयी. राणोजी शिंद्यांच्या काळात मराठे उज्जैनीत स्थिरावले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे बायजाबाई शिंदे यांनी गोपाळ मंदिर उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी कारकून, वैद्य, पुजारी, शिक्षक अशी कितीतरी मराठी घरे क्षिप्रेकाठीच राहिली. त्यांतलेच एक आमचे. आजोबा शाळामास्तर, वडील एका कापड गिरणीत कारकून. आम्ही कॉलेजात असताना गिरणी बंद पडली आणि घरात 'मुलाने काहीतरी पोटापाण्याचे शिकावे' हा एकच विषय उरला. आजच्या पालकांच्या मनातली काळजी आम्हाला पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात रोज बसलेली असे.

त्या दिवसांत संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे. देवळात शिरावे तसे आम्ही शिरत असू. पंखा नाही, पण वातानुकूलन यंत्र आहे, अशी गावातली ती आमच्या माहितीची एकच खोली. बेसिक भाषेत पहिली आज्ञावली लिहिली ती पाढ्यांची. इतर मुलांनी दोन ते दहाचे पाढे छापले, आम्ही पावकी, निमकी आणि दिडकी छापली. आजोबांनी दिवेलागणीला ती आमच्याकडून घोकून घेतली होती, म्हणून तीच आठवली. अपूर्णांक संगणकाला कसे सांगायचे हे शोधताना आम्हाला पहिल्यांदा या यंत्राची गोडी लागली.

आता खरी गोष्ट. संगणकशास्त्राच्या अभ्यासात एक प्रकरण येते. लिहिलेली आज्ञा यंत्राला समजावी म्हणून तिचे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा कोणावर अवलंबून आहे ते ठरवायचे आणि त्याची फांद्याफांद्यांची आकृती काढायची. वर्गातली निम्मी मुले तेथे अडली. आम्हाला मात्र ते ओळखीचे वाटले. आपल्या शाळेत मराठीच्या बाईंनी नववीत आमच्याकडून दर शुक्रवारी वाक्यपृथक्करण करून घेतले होते. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधेयविस्तार, क्रियापद. 'काल आलेल्या पाहुण्यांच्या धाकट्या मुलाने' इतका सारा पसारा म्हणजे उद्देश्य आणि त्याचा विस्तार, हे एकदा बोटावर आले की गणिती कंस उघडणे आणि मिटणे फारसे निराळे राहत नाही. गुण कमी पडत, कारण आमचे शुद्धलेखन वाईट होते. पण ती सवय राहिली. संगणकाचा पाया कोठे घातला गेला, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही त्या शुक्रवारच्या तासाकडे बोट दाखवू.

शुद्धलेखन वाईट होते असे म्हटले, त्याचे प्रायश्चित्त पुढे मिळाले. ती हकिकत सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी समाजाच्या सभासदांची सूची नव्याने छापायची होती. जुनी यादी हिंदी टंकलेखनाच्या एका जुन्या फाँटमध्ये होती आणि मागाहून आलेली नावे युनिकोडमध्ये. दोन्ही एकत्र करण्यासाठी आम्ही मोठ्या हौसेने एक आज्ञावली लिहिली आणि एका रात्रीत शेकडो नावे मार्गी लावली. छापील प्रती घरोघर गेल्या. आठवड्याने वऱ्हाडपांडे आडनावाच्या एक आजी काठी टेकत आमच्या दारात आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पान उघडले आणि विचारले, 'अरे, आमच्या नावाच्या डोक्यावर हा रफार कोणी बसवला? आम्ही वऱ्हाडातले. हे वर्हाड कुठले?' पाहतो तो वऱ्हाडपांडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर, बऱ्हाणपूरकर अशा सगळ्या नावांची तीच गत झालेली. शिवाय काळे मंडळी काशीकरांच्या आधी छापली गेली होती.

चूक यंत्राची नव्हती, आमची होती. युनिकोडमध्ये जुन्या पद्धतीने हा अर्धा 'र' लिहिताना 'र', हलन्त आणि त्यांच्या पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. त्याची रुंदी शून्य, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या आज्ञावलीतली एक ओळ अशी सगळी अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकत होती. चिन्ह गेले, की 'र' उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. काळ्यांचे तेच. संगणकाच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे ठेवला आहे आणि 'श' त्याच्या मागाहून येतो. मराठी वर्णमालेत मात्र 'ळ' हा 'ह'नंतर येतो. आम्ही यंत्राने दिलेला क्रम तसाच ठेवला, कारण शाळेत घोकलेली वर्णमाला आम्हाला त्या रात्री आठवली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ही निव्वळ आडनावांची गंमत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी. हिंदीत हा भेद लागत नाही, म्हणून हिंदीपुरते पाहणाऱ्या प्रोग्रामरला तो सुचतही नाही. तो ज्याला सुचला, त्याने भाषा शिकलेली होती. देवनागरी अक्षरे युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच आली. ती भारतीय लिपींसाठी १९८८ मध्ये ठरवलेल्या संकेतप्रणालीवरून घेतलेली होती. पण 'ॲ' हे आपले साधे अक्षर स्वतंत्रपणे तेथे दाखल व्हायला २००८ साल उजाडले. मोडी लिपी २०१४ मध्ये आली. ही अक्षरे आपोआप आलेली नाहीत. कोणीतरी बसून, पुरावे गोळा करून, या लिपीला हे चिन्ह लागते असे जगाला पटवून दिले, तेव्हा ती आली. हे काम करायला संगणक आणि भाषा दोन्ही यावे लागतात. पुढे हे कोण करणार, हा प्रश्न त्या चौथ्या विषयात दडलेला आहे.

आता छंदांविषयी. परिचयपत्रात छंद नेहमी शेवटच्या ओळीत येतात आणि बहुतेक जण तेथे 'वाचन' लिहून मोकळे होतात. आमच्या बाबतीत क्रम उलटा झाला. छंद आधी आले, व्यवसाय त्यांच्यामागून चालत आला.

पहिला छंद आकाशदर्शन. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले होते. प्राचीन सिद्धांतग्रंथांनी रेखांश मोजायला ज्या मध्यरेषेपासून सुरुवात केली, ती रेषा उज्जैनीवरून जाते. लहानपणी सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचायची आणि वडिलांच्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहायची, हा आमचा रविवारचा खेळ. ती कधीच जुळत नसे. मग समजले की, घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालते आणि उज्जैन पावणेशहात्तर अंशांजवळ आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे २७ मिनिटांचा फरक. शिवाय सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही, त्यामुळे रोज थोडी निराळी दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती काढून देणारी आज्ञावली आम्ही लिहिली. कोणी सांगितली नव्हती, त्यासाठी गुण नव्हते. ती बरोबर चालली त्या दिवशी आपण हेच काम जन्मभर करायचे, असे मनाने घेतले.

दुसरा छंद नाण्यांचा. सातवाहनांच्या नाण्यांवर अधिक चिन्हासारखी आकृती आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळे दिसतात. अभ्यासक तिला 'उज्जयिनी चिन्ह' म्हणतात. पैठणच्या राजांच्या नाण्यावर आपल्या गावाची खूण! महाराष्ट्राचे आणि मालव्याचे नाते शिंद्यांच्याही किती आधीचे आहे, हे आम्हाला त्या बोटभर तांब्याने शिकवले. तिसरा छंद मोडीचा. आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचे एक बाड होते. अक्षरओळख झाल्यावर पहिला कागद लागला तो धान्याच्या उसनवारीचा. इतिहास म्हणून त्याला काही किंमत नसेल, पण आपल्या खापरपणजोबांचे अक्षर वाचता आले, याचे मोल आम्ही कसे सांगावे?

छंदाने माणूस कुठे पोचतो याचे उदाहरण शोधायला उज्जैनकरांना दूर जावे लागत नाही. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर मूळचे चित्रकार. नाणी, मूर्ती आणि शैलचित्रे यांचा नाद त्यांना होता. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना त्यांना दूरवर खडकांचे विचित्र आकार दिसले आणि त्यांच्या मागे लागून त्यांनी भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आणली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये ते स्थान जागतिक वारसा यादीत गेले. त्या डब्यात इतरही प्रवासी असतीलच. त्यांनाही तेच खडक दिसले असतील. चित्रकाराचा डोळा मात्र एकाकडेच होता.

दुसरे उदाहरण आमच्या व्यवसायातले. नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरात १९५६ मध्ये जन्मले. म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. १९८४ मध्ये त्यांनी मांडलेली गणिती रीत आज 'करमरकर पद्धती' म्हणून जगभर शिकवली जाते. तिचे काम समजायला सोपे आहे. हाताशी साधने मर्यादित आहेत : अमुक इतकी यंत्रे, अमुक इतकी माणसे, अमुक इतका वेळ. त्यांची वाटणी अशी करायची की फायदा जास्तीत जास्त व्हावा. गुंतागुंतीच्या प्रचंड वाटण्या या रीतीने लवकर सुटतात.

विश्वस्त मंडळींनो, शाळेचे वेळापत्रक हे असेच एक कोडे आहे. आठवड्याचे तास ठरलेले, विषय अनेक. गणित उत्तम वाटणी काढून देईल, पण त्याआधी ते आपल्याला एक प्रश्न विचारते : 'फायदा' म्हणजे काय धरू? केवळ गुण धरले तर मराठीचा तास कापला जाईल. नुसती नोकरी धरली तर संगीत, चित्रकला आणि खेळही जातील. शाळा कशासाठी स्थापन झाली हे त्यात धरले, तर उत्तर वेगळे येईल. काय मोजायचे हे करमरकरांची रीतही ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि एकदा ठरवले की त्याचा परिणाम आपली मुले भोगतात.

पालकांची बाजू आम्हाला मान्य आहे. मुले मध्य प्रदेशात वाढतात, परीक्षा हिंदी-इंग्रजीत देतात, मराठीने महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. घरातही 'पाऊस येऊन राहिला आहे' असेच मराठी चालते आणि आम्ही त्याला नावे ठेवत नाही. ते आपल्या मालव्याचे मराठी आहे. हिंदीशी आपले भांडणही नाही. येथेच शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक. शरच्चंद्रांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरात दोन भाषा सुखाने नांदल्या. भीती वाटते ती दोन्ही भाषा अर्ध्यामुर्ध्या येण्याची.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. आम्ही या व्यवसायात आलो तेव्हा आज्ञावली लिहिता येणे हेच मोठे भांडवल होते. आता साध्यासुध्या आज्ञावल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेच लिहून देतात. आमच्या कार्यालयातही ती रोज वापरली जातात. अशा वेळी माणसाचे काम उरते ते नेमके काय हवे हे सांगण्याचे, आणि मिळालेले उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याचे. वऱ्हाडपांडे आजींनी आमची चूक पकडली ती संगणक येत होता म्हणून नव्हे, आपले आडनाव कसे लिहितात हे त्यांना पक्के ठाऊक होते म्हणून. तास वाढवून आपण मुलांना आज जे बटण शिकवू, ते पाच वर्षांनी बदललेले असेल. वाक्य नीट रचण्याची आणि नीट वाचण्याची सवय तेव्हाही कामाला येईल.

नुसता विरोध करणे आम्हाला शोभणार नाही, म्हणून काही सूचना करतो.

मराठीचा तास कायम ठेवावा आणि महिन्यातून एकदा तो संगणक कक्षात घ्यावा. मुलांनी इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहायला शिकावे. तेथे 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ऱ' येतो आणि 'ल'च्या कळीवर 'ळ'. दहावीच्या मुलांना हे शिकायला दोन आठवडे पुरतात. शाळेच्या ग्रंथालयात असलेल्या जुन्या मराठी पुस्तकांची यादी मुलांनीच संगणकावर करावी. ती वर्णमालेच्या खऱ्या क्रमाने लावण्याची आज्ञावली नववीच्या वर्गाने लिहावी. यात संगणकाचाही अभ्यास होतो आणि मराठीचाही. ज्या घरांत मोडी कागद असतील त्यांनी ते रद्दीत न घालता त्यांची छायाचित्रे शाळेला द्यावीत. आणि शनिवारी शेवटचा एक तास छंदासाठी मोकळा ठेवावा. त्याला गुण नसावेत, परीक्षा नसावी.

या कामासाठी महिन्यातला एक शनिवार आम्ही शाळेला देऊ. नोकरी इंदूरला असली तरी शनिवारी आम्ही गावातच असतो. मानधन नको. पोहे-जिलेबीवर काम भागेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे. कोणी परिचय विचारला तर 'मला पुढे जाऊन प्रोग्रामर व्हायचे आहे' एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला आज कशाचा नाद आहे तेही सांगा. नसेल तर शोधा. गावात वेधशाळा आहे, क्षिप्रा आहे, घरात आजी-आजोबा आहेत.

सूचीचे शेवटी काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही ती ओळ काढून टाकली, वर्णमालेचा क्रम हाताने भरला आणि दुरुस्तीपत्रक स्वखर्चाने छापून घरोघर वाटले. सर्वांत आधी ते आजींच्या घरी नेऊन दिले. त्यांनी आपले नाव बोटाने चाचपून वाचले, आत जाऊन खोबऱ्याची वडी आणली आणि म्हणाल्या, 'आता आम्ही आमच्या घरी आलो.'

पालक सभेला आम्ही येणार आहोत. चौथ्या विषयावर मत देण्यापूर्वी आपण हा परिचय वाचावा, एवढ्यासाठीच हा प्रपंच. चुकभूल द्यावी घ्यावी. लोभ असावा.

आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आणि आता पालक